अठ्ठ्याण्णव मेसेज

ऐक ना, आणि मधे तोंड घालू नकोस, कारण शेवटी मी तुला एक प्रश्न विचारणार आहे. तेव्हा "मला नीट कळलंच नाही" म्हणालीस तर चालणार नाही.

दोघी बहिणी. थोरली कचऱ्यात, धाकटी हवेत. म्हणजे कसं, थोरली भाजीबाजाराच्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या प्लांटवर संशोधन करते, आणि धाकटी दुसऱ्या शहरात, मोबाईलच्या नेटवर्कमध्ये चोर कुठून शिरतात ते शोधणाऱ्या टोळीत. टोळी म्हणजे चांगली टोळी, पगारी. आणि त्यांचे बाबा. बाबा त्याच प्लांटवर एकतीस वर्षं ऑपरेटर होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण घरी बसतील तर शपथ. आई गेल्यापासून तर घर त्यांना खायलाच उठतं. रोज सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर हजर. मॅडम, म्हणजे प्लांटच्या प्रमुख, पहिल्यांदा म्हणाल्या, काका, आता आराम करा. बाबा म्हणाले, आरामच करतोय की, उभ्याने.

तर तिथे काय चालतं बघ. बाजारातनं सडका पाला, सालं, पिचकी फळं येतात, त्यांचा लगदा करून एका मोठ्या बंद टाकीत सोडतात, आत हवा नाही, नुसते जिवाणू, ते खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर इंजिन चालतं. पण गॅससोबत आणखी एक वायू येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा, आणि तो इंजिनाला आतून कुरतडतो. माणसालाही वाईट. थोरलीचं सगळं संशोधन त्या वायूला पकडण्याचं. टाकीतून जो गाळ उरतो ना, तो वाळवायचा, बंद डब्यात हवेशिवाय भाजायचा, त्याचा कोळसा करायचा, लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचा, परत वाळवायचा. मिऱ्याएवढे काळे दाणे होतात. ते नळकांड्यात भरायचे आणि गॅस त्यातून न्यायचा. दाणे तो घाण वायू धरून ठेवतात. म्हणजे कचऱ्याचाच कचरा कचऱ्याचा वास मारतो, आहे ना भारी. तीन वर्षं ती या दाण्यांच्या मागे होती. प्लांटवरची माणसं तिला दाणेवाली ताई म्हणायची, आणि बाबांना नाककाका.

नाककाका का, तर तिथे दिवसभर काम करणाऱ्यांची नाकं बधिर होतात, अर्ध्या तासात काही कळेनासं होतं. थोरली सकाळी सहापासून आत, तिचंही तेच. बाबा मात्र बाहेरून, ताज्या हवेतून यायचे. म्हणून मग रिवाजच पडला. बाबा आले की थोरली नळकांड्याच्या पलीकडची तोटी क्षणभर उघडून काचेच्या बाटलीत थोडा गॅस घ्यायची, बाटली हातभर लांब धरायची, बाबा हाताने हवा नाकाकडे ओढायचे, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचे. "साफ." किंवा "जरा आहे." पूर्वी ते नुसत्या वासावरून सांगायचे की काल टाकीत कोबी जास्त गेलाय. आणि खरंच गेलेला असायचा.

नुसतं नाकावर नव्हतं हं सगळं. एक पेटीही होती, धाकटीनेच सुट्टीत जुळवून दिलेली, नळकांड्याच्या पलीकडच्या तोंडाला बोल्टने बसवलेली. आत गॅस मोजणारा छोटा तुकडा आणि एक सिमकार्ड. वायू ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की पेटी दर चार तासांनी तीन फोनवर मेसेज टाकणार. थोरली, मॅडम आणि बाबा. तिघांचा नियम सोपा. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक.

आता दाण्यांची मोठी चाचणी लागली. चाळीस दिवस, मधे दाणे बदलायचे नाहीत. चाळीस दिवस टिकले तर बाहेरचे तज्ज्ञ येऊन बघणार आणि प्लांटचा सगळा गॅस थोरलीच्या दाण्यांतून जाणार. नाहीतर बाजारातलं तयार रसायन घ्यायचं आणि हिचं काम गुंडाळायचं, मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं.

बाराव्या दिवशी धाकटी दोन दिवसांसाठी घरी आली. आल्या आल्या पेटीकडे बघून कपाळाला हात. "ताई, ही अजून जुन्या नेटवर्कवर उतरते?"

"उतरू दे ना, दमली असेल."

"हसू नकोस. जुन्या नेटवर्कमध्ये टॉवर फोनला ओळख मागतो, पण फोन टॉवरला ओळख मागतच नाही. कुणीही पिशवीत मावेल एवढा खोटा टॉवर घेऊन गेटबाहेर उभा राहिला की तुझी पेटी त्याच्या गळ्यात पडणार. मग तो तिचे मेसेज अडवेल, नाहीतर स्वतःच्या मनाने पाठवेल."

"माझ्या कोबीच्या गॅसमध्ये कुणाला एवढा रस असणार?"

"असं सगळेच म्हणतात. मग आम्हाला बोलावतात."

तर धाकटीने पेटी काढली, ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली, जुनं नेटवर्क तिला कायमचं बंद करून टाकलं, फक्त नवं चालू. एक चाचणीचा मेसेज टाकला. तिघांच्या फोनवर टिंग. बाबा खूश, म्हणाले, आमच्या पोरीने पेटीला लग्नाळू मुलीसारखं अनोळखी लोकांशी बोलू नको सांगितलंय. पेटी परत टाकीमागे बोल्टने बसवली, आणि धाकटी गाडी पकडून गेली.

तुझ्या लक्षात आलं? खिडकीजवळ रेंज होती गं. टाकीमागे, पत्र्याच्या भिंतीआड, नवं नेटवर्क पोचतच नव्हतं. आजवर ती पेटी जुन्या नेटवर्कवरच तग धरून होती. आणि ते आता बंद.

मग दिवस जात राहिले. एकही मेसेज नाही. रोज सकाळी बाटली, रोज बाबा डोळे मिटून. थोरली विचारायची, "बाबा, साफ आहे ना?" आणि बाबा म्हणायचे, "साफ." वीस दिवस झाले, पंचवीस, तीस. थोरलीने ऑफिसच्या भिंतीवर चाळीस चौकोन काढले होते, रोज एक रंगवायची. पस्तिसाव्या चौकोनाला तिला रडू आलं. माणसं म्हणाली, दाणेवाली ताई, आत्ताच रडू नका, पाच राहिलेत.

एकोणचाळिसाव्या दिवशी धाकटी आली. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ येणार, बहिणीचा मोठा दिवस, म्हणून. सकाळी बाबांच्या बरोबरच प्लांटवर पोचली. थोरलीने बाटली भरली, धरली. बाबांनी हवा ओढली, डोळे मिटले. "साफ. एकदम साफ."

आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या धाकटीने ओढणी नाकाला लावली.

थोरलीने ते पाहिलं. धाकटीने थोरलीने पाहिलेलं पाहिलं. बाबांनी डोळे उघडले. "काय गं, शहरात राहून नाक नाजूक झालं का?"

"हो ना," धाकटी म्हणाली. "ते तिकडे पाल्याचा ढीग केवढा सडलाय."

"त्याला आम्ही कच्चा माल म्हणतो," असं म्हणून बाबा चहा घ्यायला गेले.

दोघी टाकीमागे. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, बाटलीत सडकी अंडी आहेत. डझनभर."

थोरली आधी चिडली बरं का. म्हणाली, तुला सवय नाही, तुला काय कळतंय, बाबा एकतीस वर्षं. आणि बोलता बोलता गप्प झाली, कारण तिला दूध आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी घरी दूध करपलं होतं, सगळं घर धुराने भरलेलं, आणि बाबा स्वयंपाकघरातच टेबलाशी पेपर वाचत बसलेले. ती म्हणाली होती, लक्ष कुठे असतं तुमचं. मग त्याच्याही आधीचं आठवलं, दोन महिन्यांपूर्वीचा ताप. त्यानंतर भाजीत मीठ घेणं वाढलेलं. आणि साबण नवा आणला तेव्हा नेहमीसारखा नाकाला लावून बघितला नव्हता, सरळ खोलीत नेऊन ठेवला होता. सगळं डोळ्यांसमोर होतं. पण बाबांनी तक्रार केली नव्हती, म्हणजे बाबा ठीक होते.

तोवर धाकटी पेटीचा बोल्ट काढून पेटी उन्हात घेऊन आली होती, लॅपटॉपची वायर जोडून खाली बसली होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, मी काय करून ठेवलंय." पेटीने सगळं नीट मोजलं होतं. पाठवायला गेली, रस्ता नव्हता, म्हणून पोटात साठवून ठेवलं. विसाव्या दिवसापासून अठ्ठ्याण्णव मेसेज.

म्हणजे थोरलीचे दाणे एकोणीस दिवस टिकले. पुढचे वीस चौकोन तिने नुसते रंगवले.

आणि तुला वाटत असेल की तिला चाचणीचं वाईट वाटलं. वाटलं ना, पण नंतर. आधी तिला आठवला तो बाबांनीच शिकवलेला पहिला धडा. ती कॉलेजात असताना पहिल्यांदा प्लांट बघायला आली, तेव्हा गेटवरच थांबवून म्हणाले होते, "हा वास येतोय तोवर घाबरायचं नाही, नुसतं मागे व्हायचं. येता येता अचानक थांबला, तर पळायचं. मागे बघायचं नाही." तो वायू जास्त झाला की आधी नाकच मारतो गं. आणि इथे नाक आधीच गेलेला माणूस रोज टाकीभोवती फेऱ्या मारत होता, कुठे गळती असती तर त्याला कळलंच नसतं. म्हणजे उद्यापासून बाबांना आत येऊ देता येणार नव्हतं. आणि आत येणं सोडलं तर बाबांकडे इस्त्रीचा शर्ट घालायला कारण काय उरलं?

"ताई," धाकटी म्हणाली, "इथे रेंज येते, मी हिला आता चालू केलं ना, की सगळे मेसेज एका दमात सुटणार. तिघांना. बाबांनाही. ते आता तिथे बाकावर चहा पीत बसलेत. वीस दिवस तुम्ही चुकत होतात, हे त्यांना फोन सांगणार." तिचं बोट बटणावर. "यादीतून त्यांचा नंबर काढू? एक ओळ आहे. मॅडमना मी सांगते, पेटी माझ्यामुळे बंद पडली, चूक माझी, आणि ते खरंच आहे. बाबांचं नाव यायची गरजच नाही. नंतर काहीतरी कारण काढून त्यांना यायचं बंद करू. गुडघा वगैरे."

थोरलीने बाकाकडे पाहिलं. लांबून बाबा दिसत होते, कप खाली ठेवून चष्मा पुसत होते, शर्टाच्या टोकाने, आणि तेवढ्यात टोक परत नीट आत खोचत होते.

"नको काढूस," ती म्हणाली. "पण मी हात वर केल्याशिवाय चालू पण करू नकोस."

आणि जाऊन बाबांशेजारी बसली.

"बाबा, दूध करपलं त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात."

"होतो की."

"वास नाही आला?"

बाबांनी चष्मा घातला, परत काढला. "धाकटीने नाकाला ओढणी लावली तेव्हाच मला वाटलं," ते म्हणाले. "डोळे मिटले तरी मी थोडा उघडा ठेवतो एक." मग म्हणाले, "तापात गेला. म्हटलं आठवड्यात येईल. वाट चुकला असेल, येईल घरी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे, काय वास येतोय म्हणून? तू विचारायचीस, साफ आहे ना. असं तोंड करून विचारायचीस की." त्यांनी तिच्यासारखं तोंड करून दाखवलं, आशाळभूत, भुवया वर. दुसऱ्या वेळी ती हसली असती. "आणि दाणे तुझे. तीन वर्षं बघतोय तुला, हाताची नखं काळी करून घेतलीस. म्हटलं, हिचे दाणे आहेत, साफच असणार."

"बाबा, तुम्ही टाकीजवळ उभे राहत होतात. वास न येता."

"हं."

"तुम्हीच शिकवलंयत मला."

"म्हणून तर माहीत आहे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "चूक केली मी. तुझ्या कामातही, आणि ही टाकीजवळची पण."  मग म्हणाले, "ती पोरगी तिकडे पेटी मांडीवर घेऊन का बसलीय?"

थोरलीने सगळं सांगितलं. अडकलेले मेसेज, रेंज, यादी. "अजून काढता येईल तुमचा नंबर," ती म्हणाली. "सांगू का तिला?"

"किती आहेत?"

"अठ्ठ्याण्णव."

बाबांनी फोन खिशातून काढला आणि दोघांच्या मधे बाकावर ठेवला. "येऊ देत. मला पाठवलेत ना."

थोरलीने हात वर केला.

फोन थरथरायला लागला तो थांबेचना. बाकावरून थरथरत थरथरत कडेला सरकला, बाबांनी पडता पडता धरला. शांत झाल्यावर चष्मा चढवून पहिल्यापासून वाचायला बसले. मोठ्याने. तारीख, वेळ, आकडा. "विसावा दिवस, पहाटे चार. मी काय म्हणालो होतो?"

"साफ."

"बरं. आठ वाजता. बारा वाजता." थोरलीला ऐकवेना, ती म्हणाली राहू दे ना बाबा, पण ते थांबले नाहीत. धाकटी पण येऊन खाली जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्याला टेकून, आणि म्हणाली, बाबा, सॉरी, मी टेबलावर तपासलं, जागेवर तपासलंच नाही. बाबा म्हणाले, थांब गं, हिशेब चुकतोय. मागे गेले, पुढे आले. "सव्विसाव्या दिवसापर्यंत रोज सहा. मग एकदम तिसावा दिवस. मधले तीन दिवस कुठे गेले?"

"नसतील आले," थोरली म्हणाली.

"तेच म्हणतोय. वायू कमी होता म्हणून नाही आले. सव्विसाव्याला रात्री काय झालं होतं?" आणि स्वतःच म्हणाले, "पंप साफ करायला काढला. गॅस बंद होता. तू नळकांड्याचं झाकण उघडून गेलीस आणि मी म्हटलं राहू दे उघडं, रात्रभर वारा खाऊ दे."

थोरली उठून उभी राहिली. म्हणजे बघ, हवा लागली की असे लोखंडाचे दाणे पुन्हा ताजे होतात हे तिने वाचलेलं होतं, पण तिच्या दाण्यांचं तसं होईल की नाही हे ती पुढच्या वर्षी बघणार होती. ते झालंच होतं. एका रात्रीच्या हवेवर तीन दिवस. चाळीस रंगवलेल्या चौकोनांत ते तिला कधीच दिसलं नसतं.

"म्हणजे तुझे दाणे मेले नाहीत," बाबा म्हणाले. "दमले होते."

दुसऱ्या दिवशी तिने तज्ज्ञांसमोर सगळं खरं सांगितलं. भिंतीवरचे वीस चौकोन पुसून टाकले होते. एकोणीस दिवस, मग हवा, मग तीन दिवस, बाकीचं पेटीने मोजलं, आम्ही पाहिलं नाही, समजून चाललो. एक तज्ज्ञ म्हणाले, "म्हणजे तुम्ही नाकाने मोजत होतात?" आणि दोघंतिघं हसले. तिचे कान लाल झाले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मेसेज छापून मागितले. सगळा गॅस काही तिच्या दाण्यांना मिळाला नाही, पण काम गुंडाळलंही नाही, आणखी तीन महिने दिलेत, हवा देऊन देऊन दाणे किती वेळा उठतात ते बघायला.

आणि बाबा. टाकीच्या कुंपणाच्या आत यायचं नाही, मॅडमनी लेखी काढलं, बाबांनी सही केली. ती सही करताना त्यांचं तोंड थोरलीला बघवलं नाही, अजून ती त्याबद्दल बोलत नाही. पण गेटजवळ, उघड्यावर, सावलीत, दमलेले दाणे पसरायचे असतात. हवा लागली की ते तापतात, फार तापले तर पेट घेतील, म्हणून ओले ठेवायचे, फावड्याने परतत राहायचं. किती तापलेत ते वरून हात धरून कळतं. म्हणजे कळणाऱ्याला कळतं. नाककाका आता हातकाका झालेत, पण ते नाव काही कुणाच्या तोंडात बसत नाही.

पेटीची तार धाकटीने पत्र्याबाहेर रेंजमध्ये काढली, आणि नियमही उलटा केला. आता गप्प राहणं म्हणजे ठीक नाही. रोज सकाळी सातला पेटीने स्वतःहून "ठीक आहे" पाठवायचं, आणि नाही आलं तर बाबांनी सगळ्यांना फोन लावून उठवायचं. बाबा त्या मेसेजला रोज उत्तर देतात, "बरं." सांगितलं त्यांना, पेटी वाचत नाही. तरी देतात. धाकटीने गुपचूप ते "बरं" तिकडे स्वतःच्या फोनवर वळवून घेतलं, म्हणजे रोज सातला तिला कळतं की बाबा उठलेत. थोरलीने हे दुसऱ्याच दिवशी बाबांना सांगून टाकलं, म्हणाली आता आपल्या घरात असलं काही नको. तेव्हापासून बाबा पेटीला लिहितात, "बरं. जेवत जा वेळेवर."

पण मला सारखी ती सकाळच आठवते गं. पेटी उन्हात, धाकटीचं बोट बटणावर, लांब बाबा शर्ट खोचतायत, आणि एक ओळ काढली की त्यांना कधीच कळणार नाही. मी असते ना, खरं सांगते, मी काढली असती, आणि वर स्वतःला समजूतदार म्हटलं असतं. तू काय केलं असतंस?